चार ते साडेचार बंद

इमारतीत सहा मजले, तीस घरं, एक लिफ्ट, एक पंप आणि एक मावशी. लिफ्टचे दोर दोनदा बदलले, पंप तीनदा बदलला, भाडेकरू तर किती आले नि किती गेले ते आता कुणाला सांगता येणार नाही; मावशी मात्र पहिल्या दिवसापासून त्याच. चौतीस वर्षं झाली. पार्किंगच्या टोकाला मशीनरूम आणि मशीनरूमला लागून त्यांची खोली. खोलीत खाट, स्टूल, ओटा आणि फळीवर स्टीलची चार भांडी. मशीनरूमची आणि खोलीची भिंत एकच. पंप सुरू झाला की फळीवरचे पेले थरथरून एकमेकांवर आपटायचे, म्हणून मावशींनी प्रत्येक पेल्याखाली जुन्या चादरीची घडी घातलेली होती.

लिफ्टचं मशीन बाकीच्या इमारतींत वर गच्चीवर असतं. इथे बांधणाऱ्याच्या काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, त्याने ते खाली पंपाच्या शेजारी बसवलं. त्यामुळे सहाव्या मजल्यावरच्या कुणाला साधी कोथिंबिरीची जुडी आणायला खाली यायचं झालं तरी मावशींच्या खोलीत घरघर सुरू व्हायची. दिवसभर घरघर, आणि पंपाच्या वेळी तिच्यावर पंपाचा धडधडाट. पाहुणे आले तर पाच मिनिटांत डोकं धरून उठायचे. मावशींचे पाहुणे कमी होत गेले ते काही त्यांच्या स्वभावामुळे नव्हे.

मशीनरूमच्या दाराशी एक काळी पाटी होती. तिच्यावर ऑइलपेंटने आखलेल्या रेघा आणि खडूने लिहिलेल्या वेळा. सकाळी सहा ते आठ पंप, दुपारी बारा ते एक पंप, संध्याकाळी सहा ते आठ पुन्हा पंप. आणि मधे, बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्या अक्षरांत: चार ते साडेचार, मेन बंद. म्हणजे पंप बंद, लिफ्ट बंद, जिन्यातले दिवे बंद. रोज, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, गेली एकोणीस वर्षं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं, मशीन गार व्हायला हवं.

आता मशीनला गार व्हायला बरोबर अर्धाच तास का लागतो, तो दुपारी चारलाच का, आणि ऐन थंडीत तरी कशाला, हे तीस घरांतल्या एकाही शहाण्याने विचारलं नाही. मशीनच्या बाबतीत माणूस मशीनवाल्याचं मुकाट्याने ऐकतो. इतकं तो डॉक्टरचंही ऐकत नाही.

उलट इमारतीने त्या अर्ध्या तासाला आपलंसं करून टाकलं. मुलं त्याला ‘चारची बंदी’ म्हणायची. शाळेतून येणाऱ्या मुलांना आया बजावायच्या, चारच्या आत ये, नाहीतर दप्तर घेऊन सहा मजले चढ. म्हाताऱ्या माणसांनी खाली पार्किंगमध्ये एक बाक टाकून घेतला आणि बंदी उठेपर्यंत तिथे गप्पा मारायची रीतच पडली. दोन घरांचं पाच वर्षं पटत नव्हतं, बोलणंसुद्धा बंद. त्यांचं भांडण चौथ्या मजल्याच्या वळणावर मिटलं, कारण दोघींच्याही हातात जड पिशव्या होत्या आणि दम खायला जागा एकच होती. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं आणि पाचव्या मजल्यावरच्या मुलाचं तर लग्नच जिन्यात जमलं. ती दोघं आता फार लांब राहतात. कधी फोन आला तर बाकी चौकशा नंतर, आधी विचारतात, “चारची बंदी आहे ना अजून?” असली तर त्यांना बरं वाटतं. का वाटतं, ते त्यांनाही धड सांगता येत नाही.

खरं कारण मशीनचं नव्हतंच.

मावशींचे यजमान या इमारतीचे पहिले देखभाल करणारे. सगळे त्यांना मेकॅनिक म्हणत. आवाज असा की पार्किंगमधून हाक मारली तर सहाव्या मजल्यावरचा माणूस दचकून गॅलरीत यायचा. इमारतीला भोंगा लागला नाही तो त्यांच्यामुळेच. पंपाशी, लिफ्टशी, मीटरच्या कपाटाशी ते दिवसभर मोठमोठ्याने बोलायचे. पंपाला त्यांनी ‘वटवट्या’ नाव ठेवलं होतं, काम कमी आणि बोलणं जास्त म्हणून. मावशी म्हणायच्या, तुम्ही दोघे सारखेच. मग त्यांच्या घशात काहीतरी निघालं, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज, तीसुद्धा कान तोंडाजवळ नेला तरच ऐकू येणारी.

आणि घर असं, भिंतीला मशीन चिकटलेलं. मेकॅनिक काही बोलायला तोंड उघडायचे, तेवढ्यात लिफ्ट सुरू व्हायची. ते थांबायचे. लिफ्ट थांबली की पुन्हा सुरुवात, की पुन्हा कुणीतरी बटण दाबायचं. एका वाक्यात तीन-तीनदा लिफ्ट. कागदावर लिहून द्या म्हटलं तर ते मान हलवायचे. लिहिणं हे त्यांच्या लेखी पाटीपुरतं होतं. शेवटी त्यांनी बोलायचा नाद सोडला. दोन महिने तो दणदणीत माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मावशींना त्या दोन महिन्यांची आठवण आजही नको वाटते. यजमानांचा आवाज गेल्याचं त्यांना एवढं वाटलं नव्हतं, जेवढं ते गप्प झाल्याचं वाटलं.

एके दिवशी दुपारी चारला सगळ्या भागातली वीज गेली. लिफ्ट थांबली, पंखा थांबला, शेजारच्या गिरणीचा पट्टा थांबला. खोलीत एकदम इतकं शांत झालं की मावशी भाजी चिरता चिरता थांबल्या. आणि खाटेवरून कुजबुज आली, “अगं, वटवट्याचं बेअरिंग वाजतंय. आठ दिवस सांगायचं होतं.”

मावशी स्टूल ओढून खाटेपाशी बसल्या. अर्धा तास मेकॅनिक बोलत होते. बेअरिंगचं, जिन्यातल्या सैल बटणाचं, कालच्या आमटीत मीठ कमी होतं त्याचं. प्रेमाबिमाचं एक अक्षर नाही. साडेचारला वीज आली, लिफ्ट घरघरली आणि ते गप्प झाले. पण दुसऱ्या दिवशी चारला ते स्वतः उठले, गळ्याभोवती रुमाल गुंडाळून मशीनरूममध्ये गेले, मेनचा दांडा खाली ओढला आणि पाटीवर ती ओळ लिहिली. मला बायकोशी बोलायचंय, तेवढा वेळ लिफ्ट वापरू नका, असं तीस घरांना कुणी कसं सांगावं? म्हणून मशीन गार होतंय. मशीनच्या बाबतीत जन्मभर खोटं न बोललेला माणूस हे एकच खोटं बोलला, आणि तेही लिहून.

पुढे आठ वर्षं रोज अर्धा तास. त्या अर्ध्या तासांत त्यांनी आपली सगळी विद्या मावशींच्या कानात ओतली. कुठला बोल्ट उलटा फिरतो, कुठल्या तारेचा भरवसा धरायचा नाही, दोराला तेल किती. मशीनला हात लावून ऐकायचं कसं, ते. “जेवढं ओझं तेवढा आवाज,” ते सांगायचे. “जास्त वीज ओढणारा जास्त ओरडणार. आवाजावरून लोड ओळखायला शीक, मीटर नंतर बघ.” मावशींनी ते शब्दशः घेतलं. नवे पंप आले तेव्हा बसवायला आलेल्या माणसांना त्यांनी डोळे मिटून लोड सांगितला होता आणि तो बरोबर निघाला होता. सुरुवातीचे सहा महिने जखम साफ करायला तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई रोज चारला यायच्या, ड्यूटीवरून थेट, पायातले बूटही न काढता. आपलं काम झालं की काही न बोलता जिन्याने वर जायच्या.

मेकॅनिक गेले त्याला अकरा वर्षं झाली. ते गेले त्या दिवशीही चारला मेन बंद झाला आणि त्यानंतर रोज होत राहिला. मावशी खोलीत जायच्या, दार लोटायच्या, खाटेपाशी स्टुलावर बसायच्या. रडायच्या नाहीत, बोलायच्याही नाहीत. त्या वेळात बोलायचं काम त्यांचं कधी नव्हतंच, त्यांचं काम ऐकायचं. साडेचारला उठून दांडा वर. महिन्यातून एकदा पाटीवरची अक्षरं पुसट झाली की त्या खडू घेऊन त्याच वळणांवरून फिरवायच्या. खडू मावशींचा, पण अक्षर मेकॅनिकचंच राहिलं.

तर अशा या इमारतीत सरकारचं पत्र आलं.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांना चार्जिंगची सोय करावी म्हणून सरकार पैसे देणार होतं. दवाखाने, वाचनालयं, बसथांबे अशा सार्वजनिक जागांना, आणि राहत्या इमारतींनाही. खर्चाचे चार भाग केले तर तीन सरकारचे, एक इमारतीचा. पत्राच्या पहिल्या पानावर एवढंच होतं, आणि अटींची पानं मागे सात.

इमारतीचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते, आता निवृत्त. समोरच्याला तोंड उघडायला लावून आपण बोलत राहायची सवय त्यांची मीटिंगमध्येही सुटली नव्हती, पण माणूस मनाने सरळ. वर्षभरापूर्वी त्यांनी हौसेने विजेची गाडी घेतली होती आणि तेव्हापासून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक लांब वायर खाली सोडून, मधे कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी दोरीला अडकवून, ते ती चार्ज करत. त्या वायरीपायी मावशींचा जीव टांगणीला लागलेला असायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंची स्कूटरही विजेची. त्यांच्या घराला पार्किंगच्या बाजूची गॅलरी नव्हती. बारा तास उभ्याने ड्यूटी करून त्या चौकातल्या वाचनालयाबाहेरच्या सरकारी चार्जिंगपाशी रांगेत आणखी तासभर उभ्या राहायच्या. अशी सात-आठ घरं होती. पत्र वाचून डॉक्टरांना हर्ष झाला तो उगीच नव्हे.

पाहणीला एक मुलगी आली. पाठीला पिशवी, हातात फीत, बोलायला गोड. तिने पार्किंग मोजलं, मीटरचं कपाट उघडून फोटो काढले, मावशींनी तारांना लावलेल्या रंगीत चिंध्या पाहून म्हणाली की इतकं नीट ठेवलेलं कपाट तिने पंधरा इमारतींत पाहिलं नाही. मावशींना बरं वाटलं. मग ती म्हणाली, चार्जिंगच्या आठ पेट्या बसतील, आणि जागा सर्वांत चांगली हीच. ही म्हणजे मावशींच्या खोलीची बाहेरची भिंत. आणि मग तिची नजर पाटीवर गेली.

ती ओळ तिने दोनदा वाचली. सातव्या पानावरची अट तिने डॉक्टरांना दाखवली: सकाळी सहा ते रात्री अकरा चार्जिंगचा वीजपुरवठा चालू राहिला पाहिजे, रोज ठरवून बंद ठेवणाऱ्या इमारतीला पैसे मिळणार नाहीत. मेन स्विच ज्याच्या ताब्यात असेल त्याने तशी सही करून द्यायची. शुक्रवारपर्यंत.

डॉक्टरांनी समजावलं की मशीन गार व्हावं लागतं. मुलीने पंपावरची कंपनीची पाटी वाचली, लिफ्टच्या मोटारीला हात लावला आणि जरा संकोचून म्हणाली की यांना अशी विश्रांती लागत नाही. मावशी जमिनीकडे बघत उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षांचं खोटं असं भर दुपारी उघडं पडत होतं. पण मुलीने पुढे ताणलं नाही. नवं पॅनल येईल त्यात प्रत्येकाचा दांडा वेगळा असेल, ती म्हणाली. लिफ्टला नि पंपाला हवी तेवढी विश्रांती द्या, चार्जिंग मात्र बंद ठेवता येणार नाही.

बाकी कुणाला हा तोडगा उत्तम वाटला असता. मावशींचा हिशेब वेगळा होता. मुलगी बोलता बोलता म्हणाली होती की आठही पेट्या चालल्या तर लोड पंपाच्या कितीतरी पट. एक वटवट्या पेले आपटवत होता. त्याहून मोठे आठ, त्याच खोलीच्या दुसऱ्या भिंतीला, सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत. मग चारला लिफ्ट बंद ठेवली काय नि चालू ठेवली काय?

तरी खात्री करून घ्यावी म्हणून दुसऱ्या दिवशी त्या चौकात गेल्या. वाचनालयाबाहेर माणसाहून उंच, जाडजूड कपाट उभं होतं, वर सरकारी योजनेची पाटी. एक गाडी येऊन लागली, चालकाने वायर जोडली, आणि कपाटातून जो घोंघाट सुरू झाला तो रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर ऐकू येत होता. मावशींनी सवयीने कपाटाला तळवा लावला, डोळे मिटले. एवढा लोड, एवढा आवाज. मेकॅनिक बरोबरच सांगायचे. त्या घरी आल्या तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती, त्यांनी मेन बंद केला आणि स्टुलावर बसल्या. हे किती दिवस उरलं, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

विचारलं असतं कुणाला तर एका वाक्यात उलगडा झाला असता. पण विचारायचं म्हणजे आवाजाचं सांगायचं, आवाजाचं म्हणजे कुजबुजीचं. तीस घरांचे गुडघे एकोणीस वर्षं जिन्यात झिजवले ते कशासाठी, हे आता कुठल्या तोंडाने सांगणार?

गुरुवारी डॉक्टर फॉर्म घेऊन खोलीत आले. स्टुलावर बसले आणि कधी नव्हे ते थोडकंच बोलले. “मावशी, मेनवर हात तुमचा. तुम्ही सही करत नसाल तर मी तुम्हाला डावलून फॉर्म पाठवणार नाही. पैसे गेले तर गेले. पण मेकॅनिकनी काही सांगून ठेवलं असेल, तर ते मला कळायला हवं.”

मावशी म्हणाल्या, उद्या सांगते. डॉक्टर फॉर्म खाटेवर ठेवून गेले.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. स्कूटर लावली, हेल्मेट काढलं आणि वर जायच्या आधी बाकावर टेकल्या, बूट सैल करून पाय लांब करून. वाचनालयापाशी आज पुढे तीन गाड्या होत्या, त्या म्हणाल्या, दीड तास गेला. तक्रारीच्या सुरात नाही, सहज. मावशींनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. याच पायांनी ही बाई सहा महिने रोज चारला थेट खोलीत यायची, तेव्हा तिने कधी म्हटलं नाही की मी दमले. आणि मेकॅनिक असते तर? मावशींना पक्कं ठाऊक होतं. दारात नवं मशीन येतंय म्हटल्यावर त्यांना झोप लागली नसती. आधी सही केली असती, मग चारचं काय ते बघू, असं म्हणाले असते, आणि मग आठवडाभर त्या आठ पेट्यांना काय नावं ठेवायची याचाच विचार करत बसले असते.

शुक्रवारी सकाळी मावशींनी सही केली. मग ओलं फडकं घेऊन पाटीपाशी गेल्या. बाकीच्या वेळा तशाच ठेवून त्यांनी ती एक ओळ पुसली. ‘बंद’मधला ‘द’ मेकॅनिक जरा लांब शेपटीचा काढायचे, तो शेवटी गेला. फडकं धुवायला त्यांना बराच वेळ लागला.

दोन महिन्यांनी काम झालं. जेवढे दिवस जुना दांडा होता, तेवढे दिवस त्यांनी तो चारला खाली ओढला; पाटीवर नसलं तरी. आठ पांढऱ्या पेट्या भिंतीवर ओळीने बसल्या, डब्याएवढ्या. नवं पॅनल आलं, दांड्यांवर छापील नावं: लिफ्ट, पंप, दिवे, चार्जिंग. डॉक्टरांची वायर गॅलरीतून उतरली आणि चिमटे कपड्यांकडे परत गेले. सुरुवात करायला दुपारी तीनची वेळ ठरली. सगळी इमारत खाली उतरली, चहा झाला, डॉक्टरांचं भाषण झालं, ते लांबलं. दोन गाड्या आणि नर्सबाईंची स्कूटर जोडली गेली, हिरवे दिवे लागले, टाळ्या झाल्या. त्या गलबल्यात काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मावशींनी त्या दिवशी सकाळीच पेल्यांखालच्या घड्या दुप्पट केल्या होत्या आणि कानात घालायला कापसाचे दोन बोळे फळीवर काढून ठेवले होते.

चार वाजायला आले तशी माणसं पांगली. मावशी पॅनलपाशी गेल्या. लिफ्टचा दांडा खाली, पंपाचा खाली, दिव्यांचा खाली. चार्जिंगच्या दांड्याला त्यांनी हात लावला नाही. खोलीत आल्या, दार लोटलं, स्टुलावर बसल्या, मन घट्ट केलं.

काहीच झालं नाही.

घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. नळाचा एक थेंब पडला, तो ऐकू आला. पेले गप्प होते. मावशींनी भिंतीला कान लावला, मग तळवा लावला. भिंत आपली भिंतीसारखी. आणि एकदम त्यांच्या मनात आलं: सवयीने हात चुकला, चार्जिंगही बंद केलं आपण. पहिल्याच दिवशी. सही करून. त्या तशाच अनवाणी बाहेर धावल्या.

पाहणीवाली मुलगी गाडीपाशी वहीत काही लिहीत होती, नर्सबाई स्कूटरशी उभ्या होत्या. मावशी धापा टाकत म्हणाल्या, “ताई, बंद पडलं. माझाच हात लागला असणार. लिहू नका, मी आत्ता चालू करते.”

मुलीने पेट्यांकडे पाहिलं. “चालू आहेत मावशी. तिन्ही घेतायत वीज.”

“मग आवाज?”

“कसला आवाज?”

“वाचनालयाचं केवढं ओरडतं. मी ऐकून आलेय.”

ते झटपट चार्ज करणारं आहे, मुलीने सांगितलं, तापतं म्हणून आत मोठे पंखे असतात. हे सावकाश चालणारं, रात्रंदिवस लावून ठेवायचं. याला पंखाच नाही, आवाज करणार कशाने? मावशींचा विश्वास बसेना. त्यांनी पेटीला तळवा लावला. किंचित कोमट. डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून त्यांनी लोड विचारला, आणि मुलीने आकडा दाखवला. पंपाच्या दुपटीहून थोडा वरच.

मावशी त्या आकड्याकडे बघत उभ्याच राहिल्या. नर्सबाईंनी हेल्मेट काखोटीला मारलं आणि लिफ्टकडे न बघता जिन्याकडे वळल्या. पहिल्या पायरीवर थांबून म्हणाल्या, “मावशी, चार वाजून गेलेत. आत जा तुम्ही.” हलक्या आवाजात म्हणाल्या, एकोणीस वर्षांपूर्वी जखम साफ करताना खोलीत बोलायच्या तशा. मावशींनी मान वर करून पाहिलं तोवर त्या वळणापर्यंत चढल्या होत्या.

मावशी आत आल्या. दार लोटलं. कापसाचे बोळे फळीवरून उचलून ओट्यावर ठेवले. स्टूल खाटेला आणखी जवळ ओढलं आणि बसल्या. अकरा वर्षांत या वेळेला त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या, त्यामुळे आवाज जरा चिरकाच निघाला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “पंपाच्या दुप्पट लोड आहे बाहेर. आणि हूं नाही की चूं नाही. जेवढं ओझं तेवढा आवाज म्हणायचात ना? चुकलात तुम्ही.”

एवढं बोलून त्या सवयीने पुढे वाकल्या, उशीकडे कान नेला आणि वाट बघत राहिल्या. साडेचारला अजून वीस मिनिटं होती.